ज्यांच्या नावावरून टाटा सुमो आली, त्या सुमंत मुळगावकरांनी सुमो कधी पाहिलीच नाही

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाने एकदा तरी सुमोच्या सगळ्यात मागच्या बाकड्यावर बसून प्रवास केलेलाच असतो. समोरासमोर दोन बाकडी, गुडघ्याला गुडघे, मधे डब्यांची पिशवी आणि घाट लागला की एका तरी पोराचं तोंड खिडकीकडे. कधी अष्टविनायक, कधी शिर्डी, कधी जोतिबा, नाहीतर मग कुणाचं तरी लग्न. कागदावर गाडी दहा माणसांची, आत बसायचे चौदा.

तर या गाडीला सुमो का म्हणायचे? नाव ऐकलं की जपानी पैलवान आठवतात आणि गाडीचा आडदांड देह बघून ते पटतंही. पण पैलवानांचा इथे काही संबंध नाही. सुमंत मुळगावकर नावाच्या मराठी इंजिनिअरच्या नावातला सु आणि आडनावातला मो घेऊन ते नाव तयार झालं. आता मुळगावकरमध्ये मो कुठून आला, तर तो इंग्रजी स्पेलिंगमधून आला. बारसं मराठीत झालं असतं तर गाडीचं नाव सुमु पडलं असतं. ती तेवढी खपली असती का, ते देव जाणे.

गाडी बाजारात आली १९९४ साली. मुळगावकर त्याच्या पाच वर्षं आधीच, १ जुलै १९८९ ला गेले. म्हणजे ज्यांच्या नावाची पाटी घेऊन ही गाडी गावोगाव फिरली, त्यांना ती बघायलाही मिळाली नाही.

मुळगावकरांची एक गोष्ट दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून येते. टेल्कोचे बडे अधिकारी दुपारी एकत्र जेवायचे, पण मुळगावकर मात्र गाडी काढून कुठेतरी निघून जायचे. लोकांना शंका आली की साहेबांना डीलर मंडळी पंचतारांकित हॉटेलात जेवू घालतात की काय. मग एकदा कुणीतरी पाठलाग केला, तर साहेब हायवेवरच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांसोबत जेवत बसलेले. टाटाच्या ट्रकमध्ये काय चांगलं आहे, काय वाईट आहे, ते विचारत होते आणि परत येऊन त्याप्रमाणे ट्रक सुधारून घेत होते, अशी ती गोष्ट.

गोष्ट छान आहे. फॉरवर्ड होता होता तिला मीठमसालाही भरपूर लागलाय. तिचा तोटा एवढाच की ती वाचून वाटतं, ढाब्यावर जेवलं की चांगली गाडी तयार होते. मुळगावकरांचं खरं काम ढाब्यापेक्षा कितीतरी कंटाळवाणं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी फॉरवर्ड करणार नाही असं. पण सुमो वीस-वीस वर्षं रस्त्यावर टिकली ती त्या कामामुळे.

सुमंत मुळगावकर यांचा जन्म ५ मार्च १९०६ चा, मुंबईतला. मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले. त्या काळात विलायतेहून इंजिनिअर होऊन आलेल्या मुलाने सरकारी खात्यात नाहीतर रेल्वेत चिकटायचं, ही साधी वाट होती. मुळगावकर सिमेंटच्या धंद्यात गेले आणि पुढे असोसिएटेड सिमेंट कंपनीज म्हणजे एसीसीमध्ये मोठ्या पदावर पोचले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातून यंत्रं येणं अवघड होऊन बसलं. कारखाना चालवायचा तर बाहेरून आणलेल्या मशीनवर, आणि मशीन बिघडलं तर सुटा भागही बाहेरूनच, अशी तेव्हाची गत. एसीसीत सिमेंट बनवण्याची यंत्रसामग्री इथेच घडवायच्या कामात मुळगावकर पुढे होते. वस्तू बनवणं वेगळं आणि ती वस्तू बनवणारं मशीन बनवणं वेगळं, हा फरक त्यांना तिथे कळला. पुढची चाळीस वर्षं त्यांनी याच एका गोष्टीचा पिच्छा पुरवला.

१९४९ साली ते टेल्कोत आले. जेआरडी टाटांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. टेल्को म्हणजे टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, आजची टाटा मोटर्स. १९४५ साली जमशेदपूरला सुरू झालेली ही कंपनी तेव्हा गाड्या बनवत नव्हती, तिचं काम रेल्वेची वाफेची इंजिनं बनवायचं होतं. गिऱ्हाईक एकच, सरकार. भावही सरकार म्हणेल तो. अशा धंद्यावर कंपनी फार दिवस उभी राहणार नाही हे दिसत होतं, म्हणून ट्रकचा विचार सुरू झाला.

१९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडला. आजोबांच्या पिढीला ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा आठवत असेल, तो या कराराचा. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि टाटाचा टी आला. ट्रक तोच राहिला आणि गिऱ्हाईकही टिकलं. जर्मन लोक गेल्यावर टाटाचा ट्रक बसणार, असं ज्यांना वाटत होतं त्यांचा अंदाज चुकला.

तो का चुकला, याचं उत्तर पुण्यात आहे.

साठच्या दशकाच्या मध्यावर टेल्कोने पिंपरी-चिंचवडला जागा घेतली. तेव्हाचं पिंपरी-चिंचवड म्हणजे आजची महापालिका, मेट्रो, मॉल असलं काही नव्हतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना येऊन दहा वर्षं झाली होती, आकुर्डीला बजाज नुकतं येत होतं. बाकी मुरमाड माळरान. मुंबई जवळ, पुण्यात इंजिनिअरिंगची कॉलेजं, हवा चांगली. ट्रकचा मोठा कारखाना काढायला जागा झकास होती.

पण मुळगावकरांनी तिथे ट्रकचा कारखाना आधी काढलाच नाही.

१९६६ साली पुण्यात सुरू झालं ते इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर, म्हणजे गाडीचं डिझाइन आणि चाचणी करणारा विभाग. सोबत मशीन टूल्स बनवायचा विभाग, डाय बनवायची टूल रूम आणि शिकाऊ कामगारांना तयार करणारा प्रशिक्षण विभाग. आणि झाडं. त्या माळावर हजारो झाडं लावली गेली. पाणी साठवायला मोठा तलाव झाला, त्याला आज सुमंत सरोवर म्हणतात आणि तिथे थंडीत बाहेरगावचे पक्षी येतात. पुण्यातून पहिली व्यावसायिक गाडी बाहेर पडली ती १९७७ साली. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं!

आजच्या भाषेत सांगायचं तर एखाद्या स्टार्टअपने फंडिंग उचललं आणि अकरा वर्षं प्रॉडक्टच आणलं नाही. शेअरहोल्डरला घाम फुटेल. त्या काळातही हा खर्च डोळ्यावर येण्यासारखाच होता. जमशेदपूरचा ट्रक चालतोय, मागणी आहे, लोक नंबर लावून थांबलेत, मग पुण्याला झाडं कसली लावता, असं कुणालाही वाटेल.

आता डाय म्हणजे काय ते बघू, कारण सगळा खेळ तिथे आहे. गाडीचं दार, बॉनेट, छत हे पत्र्याचे भाग एका साच्यात दाबून काढतात. तो पोलादी साचा म्हणजे डाय. साचा एका केसाइतका चुकला तर त्यातून निघणारं प्रत्येक दार तेवढंच चुकीचं निघतं. मग दार नीट बसत नाही, रबर लागत नाही, पावसात पाणी आत येतं आणि वर्षभरात खडखडाट सुरू होतो. गॅरेजवाला ते दार ठोकून बसवतो, पण ते ठोकून बसवलेलंच राहतं. गिअरचंही तसंच. दाता कापणारं मशीन जेवढं अचूक, तेवढा गिअर टिकणार.

गाडीची मागची सीट मोठी आहे का, हे शोरूममध्ये दोन मिनिटांत कळतं. पुढची सीट मागे सरकवायची, मागे बसायचं, गुडघ्यापुढे किती वीत जागा उरते ते बघायचं. आजीला चढता येतं का तेही तिथेच समजतं. पण गाडी दहा वर्षांनी कशी असेल हे शोरूममध्ये दिसत नाही. ते कारखान्यातल्या साच्यात आणि साच्यावर काम करणाऱ्या हातात ठरलेलं असतं, तेही गाडी बाजारात यायच्या कितीतरी आधी. मुळगावकरांनी अकरा वर्षं घालवली ती या न दिसणाऱ्या भागावर.

हात तयार करणं हे त्यातलं सगळ्यात सावकाश चालणारं काम. दहावी-अकरावी झालेली, बऱ्याचदा खेड्यातून आलेली पोरं टेल्कोच्या प्रशिक्षण विभागात यायची आणि कानस चालवण्यापासून सुरुवात करायची. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चौकोनी करायचा. जमलं नाही तर पुन्हा. यातून जे फिटर, टर्नर आणि टूलमेकर तयार झाले त्यांच्यावर टेल्को चाललीच, पण बाहेर पडून भोसरी-चिंचवडला स्वतःचं वर्कशॉप टाकणारेही त्यातलेच. पुण्याच्या आसपास आज एवढ्या वाहन कंपन्या का आल्या, याची कारणं सांगताना एक्सप्रेस वे आणि विमानतळ यांचं नाव आधी घेतात. या कारागिरांचं घ्यायला हवं.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पुण्यात टेल्कोची नोकरी म्हणजे काय होतं, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. पहाटे चौकाचौकात कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं, निळे कपडे, हातात डबा. मुलगा टेल्कोत आहे म्हटलं की स्थळाकडचे लोक पुढचं फारसं विचारायचे नाहीत.

मुळगावकरांच्या घरातही दुसरं एक मोठं काम चाललं होतं, ते थोडक्यात सांगायलाच हवं. त्यांच्या पत्नी लीला मुळगावकर यांनी मुंबईत ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी केली. १९६३ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि पुढे १९७५ मध्ये त्या मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ झाल्या. त्यांच्यावर वेगळा लेख होईल एवढं ते काम आहे.

तर पुण्याची तयारी खरोखर किती पक्की आहे, याची परीक्षा ऐंशीच्या दशकात झाली.

सरकारने छोट्या ट्रकच्या बाजारात जपान्यांना येऊ दिलं. एक नाही, चार जण एकदम आले. डीसीएमसोबत टोयोटा, ऑल्विनसोबत निसान, स्वराजसोबत माझदा आणि आयशरसोबत मित्सुबिशी. जपानी गाडी म्हणजे न बिघडणारी गाडी, असा तेव्हा जगभर बोलबाला होता. टेल्कोकडे छोटा ट्रक नव्हताच. सोपा रस्ता म्हणजे आपणही एखादा जपानी पाहुणा शोधायचा. टेल्कोने तो शोधला नाही. पुण्याच्या रिसर्च सेंटरने स्वतः गाडी तयार केली आणि १९८६ मध्ये ती बाजारात आणली. तिचं नाव टाटा ४०७.

४०७ बद्दल मराठी माणसाला वेगळं काय सांगायचं? भाजी, दूध, मांडवाचं सामान, गणपतीची मिरवणूक, शाळेची बस, सगळं तिच्यावर झालं. जपानी गाड्या चांगल्याच होत्या, त्यात वाद नाही. पण येनचा भाव चढला तसे त्यांचे आयात भाग महाग पडायला लागले आणि इथला चालक गाडीवर जेवढं लादतो तेवढं वजन त्यांच्या हिशोबात नव्हतं. ४०७ करणाऱ्यांना ते माहीत होतं. गाडीवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्तच माल चढणार हे गृहीत धरून बनवलेली ती गाडी होती. व्हॉट्सअ‍ॅपवरची ढाब्याची गोष्ट कुठे खरी वाटत असेल तर ती इथे.

ट्रकचं ठीक आहे, पण घरच्या गाडीचं काय?

तेव्हा हव्या त्या कंपनीला कार बनवता येत नव्हती, लायसन लागायचं आणि ते मोजक्यांकडेच होतं. सर्वसामान्यांना अ‍ॅम्बॅसिडर नाहीतर प्रीमियर पद्मिनी. अ‍ॅम्बॅसिडरची मागची सीट म्हणजे घरातला सोफाच, चार माणसं ऐसपैस बसायची, पण गाडी दर महिन्याला मेकॅनिकचं घर चालवायची. १९८१ साली सरकारने मारुती उद्योग सुरू केली. गंमत म्हणजे तिच्या सुरुवातीच्या काळात संचालक मंडळाचं अध्यक्षपद मुळगावकरांकडेच होतं. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. ती बिघडायची नाही, पण मागे तीन मोठी माणसं बसली की मधल्याचा जीव जायचा. म्हणजे जागा हवी तर भरवसा सोडा आणि भरवसा हवा तर जागा सोडा, असा हिशोब होता. आणि आपल्याकडचं कुटुंब म्हणजे आई-वडील, आजी-आजोबा, दोन पोरं आणि ऐनवेळी येतो म्हणणारा काका. ते ना अ‍ॅम्बॅसिडरमध्ये मावत होतं ना मारुतीत.

खेड्यापाड्यात लोकांनी यावर स्वतःच तोडगा काढला होता. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडाप, मराठवाड्यात-विदर्भात काळी-पिवळी. जीप नाहीतर आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स घ्यायची, मागे आडवी बाकडी टाकायची आणि माणसं कोंबायची. जागा झाली, पण आरामाच्या नावाने बोंब. घरची गाडी म्हणून कुणी हौसेने दारात लावावी अशी ती नव्हती.

टेल्कोने १९८८ साली टाटामोबाइल नावाचा पिकअप काढला. मुळगावकरांच्या हयातीत पुण्यातून आलेली ही शेवटची महत्त्वाची गाडी. त्याच वर्षी ते टेल्कोच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले आणि रतन टाटा आले.

हा बदल सुखाचा नव्हता. पुण्याच्या कारखान्यात युनियनचा झगडा पेटला होता. मुळगावकर जुलै १९८९ मध्ये गेले, वय ८३. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा सप्टेंबरमध्ये टेल्कोचे हजारो कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले होते आणि शेवटी पोलिसांनी त्यांना तिथून उचललं. ज्या माणसाने आयुष्याची दोन दशकं पुण्यात कामगार घडवण्यात घालवली, त्याच्या कारखान्याचा असा शेवट लिहिला जातोय की काय, असं तेव्हा वाटलं असेल. तसं झालं नाही. कारखाना पुन्हा चालू झाला आणि त्याच हातांनी पुढच्या गाड्या केल्या.

टाटामोबाइलच्या सांगाड्यावर १९९१ मध्ये सिएरा आली. दिसायला एक नंबर, पण दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून आत घुसायचं, आणि मागची मोठी काच उघडायचीच नाही. साडी नेसलेल्या आजीला ते जमणार नव्हतं. १९९२ मध्ये इस्टेट आली, सामानाला जागा भरपूर, पण ती सर्वसामान्य घराच्या खिशातली नव्हती. दोन्ही गाड्यांचं कौतुक झालं, गर्दी झाली नाही.

मग १९९४ मध्ये सुमो आली.

सुमोत नवीन असं फार काही नव्हतंच आणि तेच तिचं बळ होतं. खाली ट्रकसारखी चेसिस, मागे कमानपाटे, पुढे दोन लिटरच्या आसपासचं साधं डिझेल इंजिन, मागच्या चाकांना ताकद. वर चौकोनी डबा. डबा चौकोनी असल्यामुळे डोक्याला आणि खांद्याला जागा मिळाली. मधल्या सीटवर तीन माणसं मांडी घालून बसतील एवढी ऐसपैस. सगळ्यात मागे समोरासमोर बाकडी, चार माणसांची. माणसं नसली की बाकडी उचलायची आणि गव्हाची पोती टाकायची.

आराम म्हणाल तर बेताचाच. मागच्या बाकड्यावर बसलेला माणूस चाकांच्या डोक्यावर बसलेला असायचा, प्रत्येक खड्डा त्याच्या मणक्याला कळायचा. आडवं बसल्यामुळे घाटात पोटात ढवळायचं. गाडी आवाज करायची, थरथरायची, स्टेअरिंग फिरवायला दंडात ताकद लागायची. आजच्या गाडीत बसणाऱ्याला ती सुमो ट्रकच वाटेल.

पण ती चालत राहायची. बंद पडलीच तर कुठल्याही फाट्यावरचा मेकॅनिक ती उघडायला घाबरायचा नाही, कारण आतलं बरंचसं त्याने टाटाच्या पिकअपमध्ये आधीच बघितलेलं असायचं. भाग तालुक्याच्या गावात मिळायचे. वडापवाल्यांनी, टूरवाल्यांनी आणि सरकारी खात्यांनी ती लाख-लाख किलोमीटर पळवली, मग ती दुसऱ्याने विकत घेतली आणि पुन्हा पळवली. तीन वर्षांत, १९९७ पर्यंत, एक लाख सुमो विकल्या गेल्या होत्या. त्या काळात एवढ्या मोठ्या गाडीसाठी हा आकडा भलताच होता.

कंपनीने या गाडीला मुळगावकरांचं नाव दिलं याचं म्हणून अप्रूप वाटतं. सिएरा जास्त देखणी होती, तिला दिलं असतं तर शोभलं असतं. पण दहा माणसं घेऊन वर्षानुवर्षं न थकता पळणारी गाडी त्यांच्या नावाला जास्त जवळची होती.

मुळगावकरांची पद्धत किती सावकाश होती, हे त्यांच्यानंतरच्या एका गाडीने अजून स्पष्ट दाखवलं. रतन टाटांना अशी कार हवी होती जी बाहेरून मारुती झेनएवढी असेल, आत अ‍ॅम्बॅसिडरइतकी जागा असेल, किंमत मारुती ८०० च्या आसपास आणि खर्च डिझेलचा. म्हणजे मागच्या सीटचा प्रश्न थेट कार्सच्या दुनियेत सोडवायचा. निसानची ऑस्ट्रेलियातली बंद पडलेली असेंब्ली लाइन सुटी करून जहाजाने आणली आणि पिंपरीत उभी केली. गाडीचं इंजिनिअरिंग पुण्याच्या त्याच रिसर्च सेंटरने केलं.

१९९८ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये इंडिका दाखवली. १९९९ मध्ये बुकिंग उघडल्यावर आठवड्याभरात १ लाख १५ हजार लोकांनी पूर्ण पैसे भरून नंबर लावला. मागे खरंच तीन माणसं आरामात बसत होती. आणि मग तक्रारी यायला लागल्या. टायर लवकर झिजतात, आवाज येतो, हे बिघडलं, ते बिघडलं. जागा दिली होती, भरवसा राहून गेला होता. २०००-०१ या वर्षात टेल्कोला ५०० कोटींचा तोटा झाला. त्यात ट्रकच्या बाजारातली मंदीही होती, पण इंडिकाचं ओझंही होतं.

कंपनीने ठिकठिकाणी ग्राहकांच्या गाड्या तपासून भाग बदलून दिले आणि पुण्याच्या इंजिनिअरांनी गाडी परत उघडून एकेक दुखणं काढलं. २००१ मध्ये इंडिका व्ही-टू आली आणि तिने टॅक्सीवाल्यांचाही विश्वास मिळवला. दुरुस्ती एवढ्या लवकर झाली कारण दुरुस्त करणारी माणसं आणि साचे घराच्या मागच्या खोलीत होते, त्यासाठी जर्मनी-जपानला पत्र लिहायचं नव्हतं. ती खोली मुळगावकरांनी १९६६ साली बांधायला घेतली होती.

सुमोचं पुढे व्हिक्टा झालं, ग्रँडे झालं, शेवटी सुमो गोल्ड झालं. दरम्यान लोकांना गाडीत एसी, एअरबॅग आणि समोर तोंड करून बसायची सीट हवी झाली, आणि ते बरोबरच होतं. आडव्या बाकड्यावर बसलेल्याला गाडी आदळल्यावर वाचवणारं काहीच नव्हतं, आपण ते फक्त कधी मनावर घेतलं नाही. नवे सुरक्षा नियम आणि प्रदूषणाचे नवे निकष आले तेव्हा जुन्या चौकोनी डब्याला त्यात बसवणं परवडणारं नव्हतं. २०१९ मध्ये सुमोचं उत्पादन गुपचूप थांबलं. घाटमाथ्यावरच्या आणि ईशान्येकडच्या रस्त्यांवर जुन्या सुमो अजूनही माणसं भरून चढताना दिसतात. आणि पुण्यात घडलेली ४०७ अजून नवी कोरी विकत मिळते.